पाटण तालुक्यातील पिकअप वाहन : खरेदी, मालकी व भरवशाचा विचार

प्रस्तावना

सातारा जिल्ह्यातील पाटण हा सह्याद्रीच्या मुख्य रांगेला लागून असलेला डोंगरी तालुका आहे. कोयना, केरा, मोरणा, वांग व तारळी या नद्यांच्या खोऱ्यांत तो विभागला गेला असून एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जाताना बहुधा खिंड तरी ओलांडावी लागते, नाहीतर खाली उतरून पुन्हा वर चढावे लागते. कोयनानगर परिसरात वर्षाला सरासरी ५,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पूर्वेस मल्हारपेठकडे येताना त्याचे प्रमाण झपाट्याने घटते. तालुक्याच्या ठिकाणाला रेल्वे नाही. कराड-चिपळूण मार्ग हाच तालुक्याचा कणा होय. अशा प्रदेशात शेतमाल, दूध, खते, सिमेंट, मंडपाचे सामान आणि पुष्कळदा माणसेसुद्धा ज्या वाहनातून फिरतात ते म्हणजे एक ते दोन टन वाहून नेणारे पिकअप वाहन. असे वाहन विकत घेणे हा येथील मध्यम शेतकरी कुटुंबाच्या दृष्टीने विहीर खोदण्याएवढाच मोठा आर्थिक निर्णय असतो. तरीही त्याची चर्चा 'कोणती कंपनी चांगली' या एका प्रश्नापाशीच थांबते. प्रस्तुत लेखात हा प्रश्न थोडा वेगळ्या बाजूने तपासला आहे. वाहनाचा भरवसा हा केवळ यंत्राचा गुण नसून वाहन, रस्ता, भार, दुरुस्तीची सोय आणि कर्जाचा हप्ता यांच्या परस्परसंबंधातून तो ठरतो, असे येथे मांडले आहे.

'टेम्पो'पासून पिकअपपर्यंत

पश्चिम महाराष्ट्रात कोणत्याही लहान मालवाहू गाडीला आजही सर्रास 'टेम्पो' म्हटले जाते. हा शब्द एका कंपनीच्या नावातून आला आहे. पुण्याजवळ आकुर्डी येथील बजाज टेम्पो या कंपनीची तीनचाकी गाडी आणि पुढे तिचीच 'मॅटाडोर' यांनी १९६० व १९७० च्या दशकांत बाजारपेठेच्या गावांना मालवाहतुकीची सवय लावली. (या कंपनीचे नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स असे झाले, बोलीतला 'टेम्पो' मात्र टिकून राहिला.) १९८६ मध्ये टाटांची ४०७ आली, १९८८ मध्ये टाटामोबाइल २०६ आली आणि तिच्याच वंशातील २०७ ही गाडी पुढे ग्रामीण भागात चांगलीच रुळली. महिंद्र कंपनीने स्वातंत्र्यानंतर जीपची जुळणी करण्यापासून सुरुवात केली होती. त्या परंपरेतून २००० मध्ये बोलेरो आली आणि तिच्या सांगाड्यावर उघड्या हौद्याची पिकअप उभी राहिली. २०११ मध्ये अशोक लेलँडची 'दोस्त', २०१७ मध्ये टाटांची 'योद्धा' अशी भर पडत गेली.

या क्रमात २००५ च्या टाटा एसचा, म्हणजे लोकांच्या 'छोटा हाथी'चा, वेगळा विचार करावा लागतो. दोन सिलिंडरचे ७०२ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन, सुमारे १६ अश्वशक्ती आणि पाऊण टनाचा भार अशी ही गाडी सपाट शहरी रस्त्यांवर अत्यंत यशस्वी ठरली. भरलेल्या स्थितीत तिच्या वाट्याला एकूण वजनाच्या टनामागे दहाएक अश्वशक्ती येते. पूर्ण आकाराच्या पिकअपमध्ये अडीच लिटरच्या इंजिनामुळे हेच प्रमाण वीस ते पंचवीसपर्यंत जाते. कराडच्या बाजारपेठेत हा फरक जाणवत नाही. कुंभार्ली घाटात किंवा पठारावरच्या एखाद्या वस्तीच्या चढणीला तो पहिल्या वळणावरच जाणवतो. पाटणसारख्या भागात मोठी पिकअप घेण्याची ओढ ही प्रतिष्ठेची हौस आहे असे शहरातील मंडळींना वाटते, ते पूर्णतः खरे नाही.

'फुल-साइज पिकअप' ही संज्ञा मूळची अमेरिकन. फोर्डने १९२५ मध्ये मॉडेल टी गाडीवर कारखान्यातच बसविलेला हौदा देऊ केला आणि १९७७ पासून त्याच कंपनीची एफ मालिका त्या देशातील सर्वाधिक खपाची पिकअप राहिली. साडेपाच मीटरहून लांब असलेली ती गाडी तेथे बहुतांशी खासगी वापराची असते; कुटुंबाची मोटार आणि मालगाडी या दोन्ही भूमिका ती पार पाडते. आपल्याकडील पिकअप तिच्यापेक्षा आखूड, डिझेलवर चालणारी आणि पिवळ्या पाटीची असते. पिवळी पाटी म्हणजे व्यावसायिक नोंदणी, आणि तिच्यामागे योग्यता प्रमाणपत्र, व्यावसायिक विमा व भाराची मर्यादा हे सर्व ओघाने येते. म्हणून अमेरिकन ग्राहकाने विचारलेला 'ही गाडी किती वर्षे टिकेल' हा प्रश्न पाटणच्या ग्राहकाला अपुरा पडतो. त्याला 'ही गाडी महिन्यातून किती दिवस भाडे मिळवील' हेही विचारावे लागते.

वर्षाचे काम आणि परतीचे भाडे

तालुक्यातील जमीनधारणा लहान आहे. भात, नाचणी, भुईमूग, सोयाबीन आणि खोऱ्याच्या सखल भागात ऊस ही येथील मुख्य पिके. ऊस ट्रॅक्टर-ट्रॉली, ट्रक वा बैलगाडीने कारखान्याला जातो. त्याचा पिकअपशी फारसा संबंध नाही. राहिलेला स्वतःचा माल वाहून नेण्यास सामान्य शेतकऱ्याला वर्षातून थोडेच दिवस गाडी लागते. म्हणजे स्वतःच्या शेतीसाठी म्हणून घेतलेली पिकअप प्रत्यक्षात दुसऱ्यांच्या मालावर जगते. खरेदीच्या वेळी हे स्पष्टपणे कबूल केले जात नाही आणि घोटाळा तेथूनच सुरू होतो.

वर्षाचा क्रम पाहिला तर मे अखेर व जूनमध्ये बी-बियाणे व खते येतात. जुलै-ऑगस्टमध्ये भातलावणीची धांदल असते, पण गाडीला काम नसते. दरडी कोसळून रस्तेही बंद पडतात. जुलै २०२१ मधील अतिवृष्टीत आंबेघर, मिरगाव व ढोकावळे येथे दरडी कोसळून मोठी जीवितहानी झाली. दुर्गम वस्त्यांपर्यंतचे रस्ते पावसापुढे किती परावलंबी आहेत हे तेव्हा साऱ्या राज्याने पाहिले. गणपतीच्या सुमारास मूर्ती, मंडप व मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांचे सामान यांमुळे पुन्हा हालचाल सुरू होते. दिवाळीच्या मागेपुढे सोयाबीन व भुईमूग. त्यानंतर घरबांधणीचा हंगाम म्हणजे विटा, वाळू, सिमेंट, पत्रे. आणि एप्रिल-मेमध्ये लग्नसराई. दुधाची फेरी लाभली तर तेवढे एकच काम बारमाही होय. पहाटे कॅन गोळा करून संकलन केंद्रावर पोचविण्याच्या या कामात पैसा थोडा, पण खंड नाही. आणि खंड चालतही नाही.

पाटणची भौगोलिक जागा मात्र एका बाबतीत अनुकूल आहे. घाटावरचा भाजीपाला कोकणात उतरतो आणि कोकणातील मासळी व हंगामात आंबा वर चढतो. कराडहून भाजी घेऊन चिपळूणला गेलेल्या गाडीला परतीचे भाडे मिळाले तर त्या फेरीचा हिशेब बदलून जातो. वाहतुकीचा धंदा हा जाण्याच्या भाड्यावर नव्हे तर परतीच्या भाड्यावर तरतो, हे जुन्या चालकांना पाठ असते; नवीन मालक मात्र एका बाजूचे भाडे दुप्पट करून उत्पन्न मोजतो. पाटण ते कराड जाऊन येऊन सुमारे ७५ किलोमीटर होतात. लिटरला १२ किलोमीटर आणि डिझेलचा दर ९० रुपये धरला तर सव्वासहा लिटर, म्हणजे साडेपाचशे रुपयांच्या वर इंधन लागते. परत येताना हौदा रिकामा असला तरी त्यातील जवळजवळ निम्मे खर्च झालेलेच असते.

आता हप्ता. उदाहरणादाखल ८ लाख रुपयांचे कर्ज, दरसाल दर शेकडा ११ व्याज आणि ६० मासिक हप्ते धरू. हप्ता सुमारे १७,४०० रुपये होतो. पाच वर्षांत अडीच लाखांजवळ व्याज जाते. महिन्यात २४ दिवस गाडी चालली तर दिवसाला ७२५ रुपये हप्त्यासाठी बाजूला काढावे लागतात. जुलैमध्ये १२ दिवसच चालली तर तीच रक्कम १,४५० होते. मासिक हप्ता पावसाळा जाणत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये मालवाहू वाहनांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाल्याने खरेदीचा बोजा काहीसा हलका झाला. तथापि विक्रेत्याकडे मिळालेली सूट गाडीच्या शोभेवर व टेपवर उडविण्यापेक्षा दोन हप्त्यांएवढी रक्कम पावसाळ्यासाठी राखून ठेवणे केव्हाही हिताचे.

भरवसा कशात आहे

पाटणच्या रस्त्यावर बिघाड प्रामुख्याने तीन ठिकाणी होतो : पाट्यांत, क्लचमध्ये व ब्रेकमध्ये. या तिन्हींचे मूळ बहुधा एकच असते, ते म्हणजे भार. दीड टनाच्या गाडीत अडीच टन भरले की मागचे पाटे सपाट होतात. मग मालक एक-दोन पाटे वाढवून घेतो. गाडी बसत नाही म्हणून ती सोसते आहे असा समज होतो; परंतु पाटे वाढवल्याने चासीची, ॲक्सलची वा ब्रेकची ताकद वाढत नाही. पाटा तुटण्याऐवजी आता चासीला तडा जातो, आणि तो हौद्याखाली असल्याने लवकर दिसत नाही.

ब्रेकचा विषय अधिक गंभीर आहे. उतारावर गाडीचे वजन जितके अधिक तितकी अधिक ऊर्जा ब्रेकला उष्णतेच्या रूपाने शोषावी लागते. एकूण वजन तीन टनांचे चार टन झाले की ही उष्णता एक-तृतीयांशाने वाढते. ड्रमचा आकार मात्र तेवढाच राहतो. तापलेले लायनर पकड सोडतात व पेडल दाबूनही गाडी आवरत नाही. ज्या गिअरमध्ये चढण चढली त्याच गिअरमध्ये उतरावे, हा घाटातील जुना नियम इंजिनाच्या रोधाचा उपयोग करून घेतो. डिझेल वाचविण्यासाठी न्यूट्रल करून उतरणे, त्यातही इंजिन बंद करणे, म्हणजे हा रोध सोडून देणे होय. इंजिन बंद होताच ब्रेकला साहाय्य करणारा निर्वात दाबही थोड्याच दाबांत संपतो आणि स्टिअरिंग जड होते.

पावसाळ्यात नेमका उलटा प्रश्न येतो. पिकअपची मागची चाके ओढतात आणि हौदा रिकामा असला की मागे वजनच नसते. लाल मातीच्या चिखलात अशी गाडी जागच्या जागी फिरते. चालक मागच्या ॲक्सलच्या वर वाळूची दोन-चार पोती टाकून ठेवतात, हा उपाय साधा पण शास्त्रशुद्ध आहे. चारही चाकांना ओढ असलेली गाडी मिळू शकते. मात्र तिची अधिक किंमत व देखभाल वस्तीच्या शेवटच्या दोन किलोमीटरांसाठी परवडते का, हे ज्याने त्याने आपल्या रस्त्याकडे पाहून ठरवावे.

आता दुरुस्तीचा मुद्दा. जुन्या २०७ किंवा जुन्या बोलेरोतील डिझेल पंप यांत्रिक होता. गावातील मिस्त्री पाने-पकडीने तो खोलू शकत असे, नोझल तपासून घेत असे आणि सायंकाळपर्यंत गाडी पुन्हा उभी करत असे. १ एप्रिल २०१७ पासून देशभर भारत स्टेज चार आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा ही उत्सर्जन मानके लागू झाली. इंधनाचा पुरवठा संगणकीय नियंत्रणाखाली आला. अनेक गाड्यांत धुराड्याच्या मार्गात काजळी अडविणारी गाळणी आली. हवा स्वच्छ राहण्याच्या दृष्टीने हा बदल आवश्यकच होता. परंतु सतत कमी वेगाने व थोड्या अंतराच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत गाळणी पुरेशी तापत नाही, काजळी जळत नाही आणि इशाऱ्याचा दिवा लागतो. सेन्सरचा दोष शोधण्यासाठी तपासणीचे यंत्र लागते. ते वस्तीच्या फाट्यावरच्या गॅरेजात सहसा नसते. नवी गाडी जुनीपेक्षा कमी वेळा बिघडते हे खरे असले तरी बिघडल्यावर ती अधिक दिवस थांबते. दुधाची फेरी असणाऱ्या मालकाच्या दृष्टीने वर्षातून चार वेळा अर्धा दिवस थांबणारी गाडी ही वर्षातून एकदाच पण आठ दिवस थांबणाऱ्या गाडीहून अधिक भरवशाची ठरते.

यावरून खरेदीपूर्वीची खरी चौकशी कोठे करावी ते उघड होते. विक्रेत्याच्या दालनात नव्हे, तर कराडच्या सुट्या भागांच्या दुकानात आणि आपल्या फाट्यावरच्या मिस्त्रीकडे. ज्या गाडीची क्लचप्लेट, ब्रेकचे लायनर व चाकाचे बेअरिंग त्याच दिवशी हाती पडते आणि जी उघडण्याचा मिस्त्रीच्या हाताला सराव आहे, ती गाडी त्या गावापुरती भरवशाची. एकाच खोऱ्यात बहुतेक मालक एकाच बनावटीच्या गाड्या घेताना दिसतात. याला अनुकरण म्हणून हिणवले जाते. वस्तुतः सुट्या भागांची व कौशल्याची ती सामुदायिक शिल्लकच असते.

कागदपत्रे आणि जुनी गाडी

पाटणमधील गाड्यांची नोंदणी कराडच्या कार्यालयात, एमएच ५० या क्रमांकाने होते. एकूण वजन ३,००० किलोग्रॅमपेक्षा अधिक नसलेल्या मालवाहनाला मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ६६ नुसार परमिट लागत नाही. काही नमुन्यांचे नोंदलेले वजन या मर्यादेच्या किंचित आत असते ते यामुळेच. योग्यता प्रमाणपत्र आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी व त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते. हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोग्रॅमपर्यंतचे मालवाहन चालविता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केले, त्यामुळे एक जुना वाद मिटला. जादा भारासाठी २०१९ च्या दुरुस्तीने मूळ दंड २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये असा ठरविला आहे. एका हप्त्याहून हा दंड मोठा आहे, एवढे लक्षात घेतले तरी पुरे.

जुनी गाडी घेणाऱ्याने रंगाकडे न पाहता खाली वाकून पाहावे : चासीवर जोड आहे काय, दोन्ही बाजूंचे पाटे सारख्याच संख्येचे आहेत काय, कोकणच्या खाऱ्या हवेत फिरलेल्या गाडीचा हौदा तळातून कुजला आहे काय. भरलेल्या हौद्यासह चढणीवर गाडी थांबवून पुन्हा उचलून पाहिली की क्लचची अवस्था लगेच कळते. रिकाम्या गाडीची फेरी काहीच सांगत नाही. विकणाऱ्यालाही सावध राहावे लागते. पैसे हाती पडले, चावी दिली आणि हस्तांतराचे अर्ज मात्र कोरे सही करून दिले, असा व्यवहार गावोगाव चालतो. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले की, नोंदवहीत ज्याचे नाव तोच मालक व अपघाताच्या भरपाईचे दायित्व त्याचेच. गाडी तीन हातांतून पुढे गेली असली तरीही. कर्ज फिटल्यावर वित्तसंस्थेकडून ना हरकत दाखला व नमुना ३५ घेऊन बोजाची नोंद उतरविणे हेही असेच राहून जाणारे काम.

हौद्यातील माणसे

शेवटचा मुद्दा सर्वांत नाजूक आहे. लग्नाचे वऱ्हाड, यात्रेकरू, लावणीला जाणाऱ्या बायका, दवाखान्यात न्यावयाचा रुग्ण व त्याच्याबरोबरचे नातेवाईक हे सर्व पिकअपच्या हौद्यात बसतात. एसटीची फेरी नसलेल्या वस्तीत गाडीवाल्याने नाही म्हणणे हे माणुसकीला सोडून मानले जाते. भाडे घेतलेही जात नाही. डिझेल टाकले की झाले. परंतु हौद्यात बसलेला मनुष्य कायद्याच्या दृष्टीने मालवाहनातील प्रवासी असतो आणि सक्तीच्या विम्यात त्याला संरक्षण नसते. न्यू इंडिया ॲश्युरन्स विरुद्ध आशा राणी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये हा निर्णय दिला. १९९४ च्या दुरुस्तीने मालासोबत जाणारा मालाचा मालक वा त्याचा प्रतिनिधी यांचा समावेश विम्यात झाला आहे, पण त्याने केबिनमध्ये बसले पाहिजे. काही प्रकरणांत न्यायालये विमा कंपनीस आधी भरपाई देऊन ती गाडीमालकाकडून वसूल करण्यास सांगतात. मृताच्या कुटुंबाला त्यातून दिलासा मिळतो. गाडीमालकाच्या डोक्यावरचे ओझे तसेच राहते. एका अपघातात गाडी जाते, हप्ते उरतात आणि भरपाईसाठी जमिनीवर बोजा चढतो. शिवाय जखमी झालेले लोक त्याच्याच भावकीतले असतात.

विमा घेताना ही बाब फार कमी मालकांना समजावून सांगितली जाते. पूर्ण विमा काढला आहे, म्हणजे गाडीत बसलेल्या सर्वांचा विमा आहे, असा समज दृढ आहे. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत रस्ता सुरक्षेवर व्याख्याने होतात. त्यांत शिरस्त्राण व सीटबेल्ट यांच्याबरोबर या एका कलमालाही जागा मिळण्यास हरकत नाही, कारण शिबिरातील निम्म्याअधिक मुलांच्या घरी किंवा शेजारी पिकअप उभी असते. लग्नासाठी एसटी महामंडळाची बस प्रासंगिक करारावर मिळते. मात्र ती डांबरी रस्ता जेथपर्यंत असेल तेथपर्यंतच येते. फाट्यापासून वस्तीपर्यंतचे दोन-तीन किलोमीटर वऱ्हाड पुन्हा हौद्यातूनच चढते, आणि तालुक्यातील सर्वांत तीव्र चढणी नेमक्या तेथेच आहेत.